एचबी-९ नॉकआऊट उंदीर : मोटर न्यूरॉन वेळेवर तयार होतात, मग पिल्लू जन्मताच का मरते?

प्रश्न : मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी बेळगावात प्राणिशास्त्र विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. विभागातील सेमिनारसाठी मी ‘मेरुरज्जूतील मोटर न्यूरॉनची (म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींची) गर्भावस्थेतील घडण’ हा विषय घेतला आहे आणि त्यात एचबी-९ या जनुकाच्या नॉकआऊट उंदरावर, म्हणजे हे जनुक काढून टाकलेल्या उंदरावर, भर द्यावा, असे माझ्या मार्गदर्शकांनी सुचवले आहे. सेमिनार इंग्रजीत द्यायचा आहे आणि आमचे सर कन्नडभाषक आहेत. तरी एखादी गोष्ट मला मराठीत नीट उलगडल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

या उंदरावरचे दोन शोधनिबंध १९९९ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. दोन्ही वाचले. कोंबडीच्या गर्भात हे जनुक, किंवा त्याचे भावंड असलेले एमएनआर-२ हे जनुक, मेरुरज्जूत भलत्या ठिकाणी चालू केले तर तेथे मोटर न्यूरॉन तयार होतात, असे त्यांत आधारासाठी सांगितले आहे. मग हेच जनुक उंदरातून काढून टाकले तर मोटर न्यूरॉन तयारच होऊ नयेत, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते ठरलेल्या वेळी आणि नेहमीच्याच संख्येने तयार होतात, असे निबंध सांगतात. तरीही पिल्ले जन्मल्याबरोबर मरतात. पेशी आहेत, संख्या बरोबर आहे, मग बिघडले काय? आणि गर्भाच्या नेमक्या कोणत्या दिवशी पाहिले असता हा बिघाड दिसतो? वर्गात हा प्रश्न हमखास येणार आहे, आणि ‘जनुक महत्त्वाचे आहे’ एवढ्या उत्तरावर कोणाचे समाधान होणार नाही.

उत्तर : निपाणीकर (सध्या बंगळूर)

ताई, तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी निपाणीचा, सध्या बंगळूरला एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेरुरज्जूवरच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम क्रम लक्षात घ्या. गर्भाच्या मेरुरज्जूखालचा नोटोकॉर्ड (दांड्यासारखी एक रचना) आणि मेरुरज्जूच्या तळाची पट्टी सॉनिक हेजहॉग नावाचे प्रथिन स्रवते. तळापासून वर जाताना त्याचे प्रमाण कमी कमी होत जाते आणि त्या प्रमाणानुसार विभाजन पावणाऱ्या पेशींचे आडवे पट्टे पडतात. त्यांतील एका पट्ट्यात ऑलिग-२ हे जनुक चालू होते. हाच मोटर न्यूरॉनच्या पूर्वज पेशींचा पट्टा. या पेशी शेवटचे विभाजन आटोपून बाहेरच्या बाजूला सरकू लागल्या, की त्यांत आयलेट-१ आणि एलएचएक्स-३ ही प्रथिने येतात आणि साधारण त्याच सुमारास एचबी-९ येते. म्हणजे पेशी मोटर न्यूरॉन होणार हे बऱ्याच अंशी ठरून गेल्यावर एचबी-९ कामाला लागते.

आता वेगवेगळे नॉकआऊट शेजारी ठेवून पाहा. ऑलिग-२ नसलेल्या उंदरात मेरुरज्जूत मोटर न्यूरॉन तयार होत नाहीत. हे २००२ साली दाखवले गेले आणि त्याच उंदरात ऑलिगोडेंड्रोसाइट (न्यूरॉनच्या तंतूंना आवरण देणाऱ्या) पेशीही मिळाल्या नाहीत. आयलेट-१ नसलेल्या उंदरातही मोटर न्यूरॉन मिळत नाहीत, हे १९९६ सालचे काम आहे; मात्र तो गर्भ इतर कारणांनी फार लवकर मरतो, त्यामुळे पुढचे काही पाहता येत नाही. एचबी-९ नसलेल्या उंदरात पेशी मिळतात, परंतु त्या आपली ओळख पक्की धरून ठेवू शकत नाहीत. तुम्ही ज्याला विसंगती समजत आहात ती येथे सुटते. एखादे जनुक भलत्या जागी चालू केल्यावर मोटर न्यूरॉन तयार झाले, यावरून ते जनुक त्या कामाला पुरेसे आहे एवढेच कळते. त्याच्यावाचून ते काम अडते की नाही, हे त्या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी नॉकआऊटच लागतो. त्यात आणखी एक भेद आहे : कोंबडीत एमएनआर-२ आणि एचबी-९ अशी दोन जनुके आहेत आणि एमएनआर-२ पूर्वज पेशीतच चालू होते, तर उंदरात हे काम एकट्या एचबी-९ कडे आहे. कोंबडीचा निष्कर्ष उचलून उंदरावर ठेवताना ही गोष्ट सेमिनारमध्ये अवश्य सांगा.

ओळख निसटते म्हणजे काय होते? मोटर न्यूरॉनच्या पट्ट्याला लागूनच व्ही-२ नावाच्या इंटरन्यूरॉनचा (न्यूरॉनना एकमेकांशी जोडणाऱ्या न्यूरॉनचा) पट्टा आहे. या दोन्ही शेजाऱ्यांत एलएचएक्स-३ हे प्रथिन सामाईक आहे. ते आयलेट-१ च्या जोडीने बसले तर मोटर न्यूरॉनची जनुके चालू करते आणि आयलेट-१ वाचून बसले तर व्ही-२ ची. मोटर न्यूरॉनमध्ये एलएचएक्स-३ असल्याकारणाने व्ही-२ ची जनुके चुकून चालू होण्याचा धोका तेथे कायम असतो आणि तो धोका रोखून धरणे हे एचबी-९ चे काम आहे. आपल्याकडच्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर जमीन नावावर झाली तरी बांध घातला नसेल तर शेजाऱ्याचा नांगर आत येतोच. एचबी-९ नसलेल्या उंदराच्या मोटर न्यूरॉनमध्ये सीएचएक्स-१० हे व्ही-२ चे खास प्रथिन काही काळ दिसते. इतर बाबतींत त्या पेशी मोटर न्यूरॉनच राहतात. हा ‘काही काळ’ फार महत्त्वाचा आहे, कारण ही गोंधळाची वेळ नेमकी तीच असते जेव्हा पेशीने आपल्या जागी जाऊन बसायचे असते आणि तंतू योग्य दिशेला पाठवायचा असतो.

परिणाम असा, की मेरुरज्जूत मोटर न्यूरॉनचे जे उभे स्तंभ असतात (धडाच्या स्नायूंसाठी वेगळा, हातापायांसाठी वेगळा) ते नीट वेगळे होत नाहीत, पेशी एकमेकींत मिसळतात आणि तंतूंच्या वाटा चुकतात. मानेच्या भागातून श्वासपटलाकडे जाणारी फ्रेनिक नस तेथवर पोहोचत नाही. आईच्या पोटात असेपर्यंत प्राणवायू वारेतून मिळतो, त्यामुळे गर्भ शेवटच्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. जन्मल्यावर श्वास घ्यायचा तर श्वासपटल हलले पाहिजे आणि त्याला हलवणारी नसच तेथे नाही. पिल्लू का मरते, याचे उत्तर हे आहे. आणि म्हणूनच पेशींची संख्या मोजून ते कधीच सापडणार नाही.

दिवसांविषयी. उंदराच्या मादीत वीर्याची गुठळी ज्या सकाळी दिसते त्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस, असे मोजतात. साधारण साडेनऊ ते साडेअकरा दिवसांच्या दरम्यान मेरुरज्जूत मोटर न्यूरॉन जन्माला येतात. शेजारच्या जनुकांची घुसखोरी पाहायची असेल तर हाच काळ आणि त्याला लागून पुढचा एखादा दिवस. स्तंभ आणि तंतूंच्या वाटा पाहायच्या तर साडेबारा-साडेतेरा. त्यानंतर मात्र एक सापळा आहे. साडेतेरा दिवसांपासून पुढे निरोगी उंदरातही जवळपास निम्मे मोटर न्यूरॉन नैसर्गिक रीतीने मरतात आणि ज्यांना स्नायू भेटला नाही ते अधिक मरतात. तेव्हा ‘संख्या नेहमीएवढी आहे’ हे विधान कोणत्या दिवसाचे आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. सतराव्या-अठराव्या दिवशी पेशी कमी दिसल्या तर त्या तयारच कमी झाल्या की तयार होऊन नंतर मेल्या, हे त्या एका दिवसाच्या कापांवरून ओळखता येत नाही.

दुसरा सापळा खुणेच्या प्रथिनाचा. मोटर न्यूरॉन ओळखायला आपण बहुतेक वेळा एचबी-९ चेच प्रतिपिंड (त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारे प्रथिन) वापरतो. ज्या उंदरात ते प्रथिनच नाही त्यात त्या प्रतिपिंडाने काहीच दिसणार नाही आणि घाईने पाहणाऱ्याला मोटर न्यूरॉनच नाहीत असे वाटेल. त्यासाठी आयलेट-१, एलएचएक्स-३ आणि पुढच्या दिवसांत कोलीन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज (अ‍ॅसिटिलकोलीन बनवणारे विकर) अशा स्वतंत्र खुणा घ्याव्या लागतात. शिवाय एचबी-९ च्या जागी लॅक-झेड हे जनुक बसवलेले उंदीर याच कारणासाठी मोलाचे आहेत : प्रथिन नसले तरी त्याचा नियंत्रक भाग ज्या पेशीत जागा झाला ती पेशी निळी होते, म्हणजे एचबी-९ असते तर ते कोठे असते हे दिसते.

उत्तर : टिळकवाडी_बालशल्य

निपाणीकरांनी मज्जासंस्थेचा भाग उत्तम मांडला आहे. मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे या जनुकाशी माझी ओळख वेगळ्या दाराने झाली.

माणसात याच जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत दोष आला तर करारिनो सिंड्रोम होऊ शकतो. त्रिकास्थीचा भाग अपुरा राहणे, गुदद्वार व गुदाशयाच्या रचनेत दोष आणि त्रिकास्थीच्या पुढे गाठ, असे त्याचे तीन भाग १९८१ साली एकत्र वर्णिले गेले आणि या जनुकाशी त्याचा संबंध १९९८ साली जोडला गेला. पुष्कळ वेळा मूल नुसत्या हट्टी बद्धकोष्ठतेसाठी आणले जाते आणि कमरेच्या एक्स-रेमध्ये त्रिकास्थी कोयत्यासारखी वाकडी दिसल्यावर शंका येते. आई-वडिलांपैकी एकात तोच दोष काहीही त्रास न देता लपलेला सापडणे यात नवल नाही, म्हणून कुटुंबाची तपासणी करतात.

आता उंदराकडे पाहा. एक प्रत नसलेला उंदीर धडधाकट असतो. दोन्ही प्रती नसलेला जन्मताच मरतो, परंतु त्याच्यातही माणसासारखा त्रिकास्थीचा दोष आढळत नाही. उलट त्याच्या स्वादुपिंडाचा पाठीकडचा भाग तयारच होत नाही, हेही १९९९ सालीच दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. तेव्हा सेमिनारमध्ये ‘हा उंदीर म्हणजे करारिनो सिंड्रोमचा नमुना’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका. मोटर न्यूरॉनच्या घडणीसाठी तो उपयोगी आहे. त्या आजारासाठी नाही. माझ्या मते नॉकआऊट उंदराची सर्वांत जास्त गैरसमजूत येथेच होते, की माणसातल्या जनुकाचे नाव जुळले म्हणजे आजारही जुळला असे धरून चालतात.

मलप्रभाकाठ (खानापूर)

निपाणीकर सर, डॉक्टरकाका, आपल्या दोघांचे मनापासून आभार. ‘पुरेसे असणे’ आणि ‘आवश्यक असणे’ यांतला फरक मला पुस्तकात वाचून माहीत होता, तो या उंदरामुळे खऱ्या अर्थाने कळला.

आणखी दोन गोष्टी विचारते. पहिली, जन्मताच मरणाऱ्या उंदराचा पुढे काय उपयोग, असा प्रश्न आमच्या वर्गातील एकाने आत्ताच उपस्थित केला आहे. दुसरी, या विषयावर प्रबंधिका करावी असे मनात आहे. असा उंदीर बेळगावात आणून पाळता येईल का? मोठ्या वयाच्या उंदरात एचबी-९ काय करते हे पाहायला मिळाले तर फार बरे होईल.

उत्तर : चिकोडीचा_पशुवैद्य

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निपाणीकर देतील. दुसऱ्याचे मी देतो, कारण संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर पशुवैद्य असावाच लागतो आणि त्या नात्याने मी असे बरेच प्रस्ताव वाचले आहेत.

आणता येईल का, तर नियमाने येईल. परंतु प्रबंधिकेच्या मुदतीत बसेल असे मला वाटत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेची सीसीएसईएकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदणी हवी, नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी, आणि उंदीर जनुक बदललेला असल्याने जैवसुरक्षा समितीचा वेगळा मार्ग आहे. परदेशी भांडारातून जिवंत उंदीर मागवण्यापेक्षा गोठवलेले शुक्राणू किंवा गर्भ मागवून येथील स्वच्छ वंशाच्या मादीत वाढवणे अधिक शहाणपणाचे, कारण त्यात परका रोग आत येत नाही. पण त्यासाठी हातात ती कला असलेली माणसे लागतात. ती बंगळूर, हैदराबादसारख्या ठिकाणी आहेत. बेळगावची हवा तशी मानवणारी. पण खोलीतील आर्द्रता साधारण ३० ते ७० टक्क्यांत ठेवायची असते आणि आपल्याकडचा आषाढ-श्रावण पाहिला तर यंत्रणेवाचून ते होणार नाही. वीज गेली तर ती चालू ठेवणारी दुसरी सोयही लागते.

त्याहून मोठी अडचण संख्येची आहे. दोन्ही प्रती नसलेले पिल्लू जगत नसल्याने वंश एक प्रत असलेल्या नर-मादीतूनच चालवावा लागतो. त्यांच्या संकरातून चारांत एक पिल्लू तुमच्या कामाचे. आठ गर्भांची खेप धरली तर सरासरी दोन मिळतील. आणि गणित मांडून पाहिले तर दर दहा खेपांत सुमारे एका खेपेत एकही मिळणार नाही. प्रत्येक गर्भाच्या शेपटीचा तुकडा घेऊन पीसीआरने कोण कोणत्या प्रकारचा हे ठरवायचे, आणि तुलनेसाठी त्याच खेपेतील भावंडे घ्यायची, कारण एकाच दिवशी काढलेल्या दोन खेपांतही गर्भाची वाढ मागेपुढे असते. जन्मल्यावर मोजू म्हणाल तर मेलेली पिल्ले आई बहुधा खाऊन टाकते आणि तुमची टक्केवारी खोटी निघते. म्हणून गर्भ साडेअठराव्या दिवशीच काढतात. हे सर्व पाहता पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी इतक्या जनावरांचा जीव घेण्याला मी समितीत बसून होकार देणार नाही, आणि ते रोखठोक सांगितलेले बरे.

उत्तर : निपाणीकर (सध्या बंगळूर)

पशुवैद्यकाका म्हणतात ते प्रबंधिकेपुरते मला पटते. मात्र ‘जन्मताच मरतो म्हणून निरुपयोगी’ या तुमच्या वर्गमित्राच्या मताशी मी अजिबात सहमत नाही. या उंदराचा सर्वांत देखणा उपयोग जन्माच्या अगदी आधीच झाला आहे, आणि तोही न्यूरॉनसाठी नाही तर स्नायूसाठी.

प्रश्न असा होता, की स्नायूवर नस जेथे येऊन टेकते त्या जागी अ‍ॅसिटिलकोलीनचे (नसेकडून स्नायूला संदेश देणाऱ्या रसायनाचे) ग्राहक, म्हणजे ते पकडणारी प्रथिने, दाटीने गोळा झालेले असतात. त्यांना तेथे बोलावते कोण? मोटर न्यूरॉनमधून स्रवणारे अ‍ॅग्रिन हे प्रथिन त्यांना गोळा करते, अशी पक्की समजूत होती. १९९६ साली अ‍ॅग्रिन नसलेला उंदीर केला तेव्हा हे गोळे जवळपास नाहीसे झाले, म्हणजे समजूत खरी ठरल्यासारखी वाटली. मग २००१ साली एचबी-९ नसलेल्या उंदराचे श्वासपटल पाहिले गेले. तेथे नसच नाही, त्यामुळे नसेचे अ‍ॅग्रिनही नाही. तरीसुद्धा ग्राहकांचे गोळे होते आणि तेही इतस्ततः नव्हे तर स्नायूच्या मधल्या पट्ट्यात! स्नायूने आपली मधली जागा नस येण्याआधीच आखून ठेवलेली होती. त्यासाठी स्नायूतील मस्क हे प्रथिन लागते; ते काढले तर ही आखणीही उरत नाही.

आता कोडे पाहा. नस आहे पण अ‍ॅग्रिन नाही, तर गोळे जातात. नसही नाही आणि अ‍ॅग्रिनही नाही, तर गोळे राहतात. याचा अर्थ नसेतून असे काहीतरी येत असले पाहिजे जे गोळे विस्कटते आणि अ‍ॅग्रिन त्यापासून त्यांचे रक्षण करते. ते विस्कटणारे द्रव्य खुद्द अ‍ॅसिटिलकोलीन आहे, हे २००५ साली अ‍ॅग्रिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन बनवणारे विकर अशा दोन्ही गोष्टी एकदम नसलेल्या उंदरांवरून दाखवले गेले : त्यांच्यात गोळे पुन्हा दिसू लागले. एक वंश मोटर न्यूरॉनसाठी बनवावा आणि त्याने स्नायूच्या बाबतीतली समजूत उलटवावी, हे मला या क्षेत्रातील सर्वांत आवडते उदाहरण आहे. सेमिनारला वेळ कमी असेल तर स्वादुपिंड गाळा, पण हे गाळू नका.

मोठ्या वयाच्या उंदरात पाहायचे तर सबंध शरीरातून जनुक काढून चालत नाही, तेथे जनुकाभोवती लॉक्स-पी खुणा घालून क्री विकराने हव्या त्या पेशीत आणि हव्या त्या वेळी ते कापावे लागते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. एचबी-९ च्याच नियंत्रणाखाली क्री असलेला उंदीर मोटर न्यूरॉनसाठी सर्रास वापरला जातो, परंतु गर्भाच्या शेपटीकडील भागात हे जनुक आरंभी मेरुरज्जूबाहेरही चालू असते, त्यामुळे धडाच्या खालच्या अंगाला इतर ऊतींतही जनुक कापले जाते. कोलीन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेजचे क्री घेतले तर ते उशिरा चालते आणि मोटर न्यूरॉनखेरीज इतर कोलीनर्जिक (अ‍ॅसिटिलकोलीन वापरणाऱ्या) पेशींतही चालते. ऑलिग-२ चे घेतले तर पूर्वज पेशीतच जनुक जाते आणि ऑलिगोडेंड्रोसाइटही त्यात येतात. फक्त मोटर न्यूरॉनमध्ये चालणारे निर्दोष क्री अशी वस्तू नाही. आपल्या प्रश्नाला कोणता दोष कमी बाधेल, एवढेच पाहायचे असते.

प्रबंधिकेसाठी माझी सूचना अशी, की उंदीर सोडा आणि कोंबडीचा गर्भ घ्या. खानापूर भागात नर कोंबडा सोबत असलेल्या गावठी कोंबड्यांची अंडी मिळतात, नाहीतर उबवणी केंद्रातून फलित अंडी घ्या. दुकानातली अंडी फलित नसतात, ती चालणार नाहीत. विभागाच्या समितीला लेखी कळवून ठेवा. अंडी ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास उबवली तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या गर्भात मोटर न्यूरॉन स्पष्ट दिसतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेकडे (प्रतिपिंडांच्या भांडाराकडे) एमएनआर-२ व एचबी-९ दाखवणारे ८१.५सी१० हे प्रतिपिंड माफक किमतीत मिळते. आयलेट-१ चेही तेथेच मिळते. गर्भाचे वय तासांत न लिहिता त्याच्या अवयवांवरून हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या टप्प्यात लिहा, कारण उबवणीचे तापमान थोडे बदलले तरी तास फसवतात. पंखांच्या आणि पायांच्या पातळीवर आडवे काप घेऊन, कोणत्या टप्प्यात कोणती खूण प्रथम दिसते आणि पेशी बाहेरच्या बाजूला कशा सरकतात, एवढेच नीट मांडलेत तरी ते स्वतंत्र आणि प्रामाणिक काम होईल, आणि नॉकआऊट उंदराचे निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहता येतील.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ही सूचना मला फार आवडली. सरांशी उद्याच बोलते. एकच शंका. आयलेट-१ चे प्रतिपिंड मेरुरज्जूच्या बाहेर, पाठीकडच्या गाठींतही रंग देते असे एका चित्रात पाहिले. मग ते मोटर न्यूरॉनची खूण म्हणून विश्वसनीय कसे मानायचे?

उत्तर : निपाणीकर (सध्या बंगळूर)

त्या पाठीकडच्या गाठी म्हणजे संवेदी न्यूरॉनच्या गाठी; त्यांच्यात आयलेट-१ नैसर्गिकपणेच असते, तो प्रतिपिंडाचा दोष नाही. मेरुरज्जूच्या आतही पाठीच्या बाजूला काही इंटरन्यूरॉनमध्ये ते दिसेल. म्हणून मोटर न्यूरॉन ठरवताना खूण आणि जागा दोन्ही एकत्र धरायच्या : मेरुरज्जूच्या आत, पोटाकडच्या बाजूला, बाहेरच्या कडेला. ८१.५सी१० मात्र त्या गाठींत रंग देत नाही, त्यामुळे एकाच कापावर दोन्ही वापरलीत तर गाठ ही तुमची आयती तुलना होते : तेथे आयलेट-१ दिसले पाहिजे आणि दुसरे दिसता कामा नये. तसे न होता दोन्ही रंग गाठीत दिसले, तर धुण्यात किंवा दुय्यम (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून रंग देणाऱ्या) प्रतिपिंडाच्या निवडीत काहीतरी राहिले आहे असे समजून तो काप मोजणीत धरू नका. दोन्ही प्रतिपिंडे उंदरातच बनवलेली आहेत, तेव्हा एकाच कापावर घ्यायची तर त्यांचे उपप्रकार वेगळे आहेत ना हे आधी पाहा आणि त्यानुसार दुय्यम प्रतिपिंडे मागवा. नसतील तर लागोपाठचे काप घ्या. आणि ८१.५सी१० हे प्रतिपिंड कोंबडीत एमएनआर-२ व एचबी-९ दोघांनाही पकडते, त्यामुळे तुमच्या चित्राखाली फक्त ‘एचबी-९’ असे लिहू नका, दोन्ही नावे लिहा.